खळ्यातलं कासव

वन्सं,

आधी माफी मागते. माझं अक्षर तुम्हाला माहीत आहे. ओळ डावीकडे सुरू होते आणि उजवीकडे पोचेपर्यंत खाली उतरते. ऱ्हस्व-दीर्घाचं तर काही खरं नाही. चौथी झाल्यानंतर वाण्याच्या यादीपलीकडे मी फारसं काही लिहिलेलं नाही. तुम्ही असतात तर लाल पेन घेऊन बसल्या असतात, मग माझा चेहरा बघून पेन बाजूला ठेवलं असतंत. हे कोणाला दाखवायचं नाही. लिहून झालं की तुमच्या ट्रंकेत ठेवणार आहे.

तुम्ही कुठे शिकलात, किती वर्षं गणित शिकवलंत, ते सगळं शाळेच्या शोकसभेत सांगून झालं. मुख्याध्यापक बोलले, दोन शिक्षक बोलले. मी मागच्या बाकावर बसले होते. बोलले ते खरंच होतं. पण भात करपला त्या दिवसाबद्दल कोणी बोललं नाही. कसं बोलणार, तेव्हा घरात आपण दोघीच होतो.

गेल्या पावसाळ्यात शाळेला सरकारकडून दोन कॉम्प्युटर मिळाले आणि तुम्ही ते शिकायला पुण्याला जाऊन आलात. आलात ती बॅग पडवीत टाकून थेट स्वयंपाकघरात. म्हणालात, “वहिनी, आता मी यंत्र. तुम्ही सांगाल तेवढंच करणार. मला भात उतरवायला सांगा.”

मी म्हटलं, “प्रवासातून आलात, असले खेळ नकोत. बसा.”

तुम्ही होतात तिथेच जमिनीवर बसलात.

“अहो, पाटावर!”

“पाट सांगितला नव्हतात.”

“बरं बाई, उठा. उतरवा भात.”

तुम्ही उठलात आणि रसरसत्या पातेल्याकडे उघडा हात नेलात. मी ओरडले, “फडकं!” तुम्ही हात तसाच हवेत ठेवून उभ्या राहिलात. “फडकं काय? कुठे आहे? यंत्राला डोळे नाहीत.” मग मला सांगावं लागलं, एक पाऊल मागे, उजवीकडे वळा, हात वर, आणखी वर, खुंटीवरचं फडकं घ्या. मध्येच मी चुकून डावीकडे म्हटलं, तर तुम्ही निमूटपणे लोणच्याची बरणी धरून उभ्या. भात खाली लागला तो लागलाच. हे बर्फाच्या कारखान्यातून घरी आले, पहिल्या घासाला म्हणाले, “आज करपलेला का?” तुम्ही म्हणालात, “दादा, यंत्राचा दोष नाही. सांगणारीनं नीट सांगितलं नाही.” ह्यांना काही कळलं नाही. मला राग आला होता. तरी विहिरीवर भांडी घासायला गेले तेव्हा एकटीच हसत होते.

तेव्हा मला वाटलं, पुण्याहून काहीतरी खूळ घेऊन आलात. शाळेत काय चाललं होतं ते मागाहून कळलं. यंत्रांची खोली कुलपात असायची. चपला बाहेर काढून आत जायचं. मोडतोड झाली तर पैसे आईबापांकडून घेतले जातील असं पहिल्याच दिवशी बजावलेलं, म्हणून मुलं हात पाठीमागे बांधून उभी राहायची. हुकूम सगळे इंग्रजीत. मुलं फळ्यावरचे हुकूम स्तोत्रासारखे पाठ करून आणायची, बोलून दाखवायची आणि घरी जायची. तुम्ही म्हणायचात, “वहिनी, पोहायला शिकवायचं आणि पाण्यात पाय घालू द्यायचा नाही, असं चाललंय.”

म्हणून रविवारी तुम्ही मुलांना आपल्या पडवीत आणायला लागलात. बाहेर धो धो पाऊस आणि आत सांगकाम्याचा खेळ. एकाच्या डोळ्यांवर पट्टी, तो सांगकाम्या. दुसऱ्यानं त्याला तोंडी हुकूम देऊन पडवीच्या ह्या टोकाकडून त्या टोकाला न्यायचा, वाटेत माझे नारळ, पाटा, पाण्याची कळशी. पट्टीवाल्यानं स्वतःचं डोकं चालवायचं नाही. खारवीवाड्यातली मच्छीमाराची कुंदा नववीत होती, तिचं तोंड कधी मिटायचं नाही. ती सांगकामी झाली की हुकूम देणाऱ्यालाच शिकवायची. “अरे मेल्या, पुढे पुढे काय करतोस, किती पुढे ते सांग! मी काय मुंबईपर्यंत चालत जाऊ?” तुम्ही टाळ्या वाजवायचात. म्हणायचात, “हेच! किती पुढे, हे सांगायचं असतं.” मी पडवीच्या दाराआडून बघायचे. तुम्ही मला दोनदा बोलावलंत. मी म्हटलं, माझे हात ओले आहेत.

दिवाळी झाल्यावर मी नेहमीसारखं दारापुढचं खळं केलं. माती घातली, पाणी मारलं, चोपण्यानं चोपून चोपून बसवली, मग शेणानं सारवलं. तुम्ही म्हणालात, “वहिनी, हे पाटीसारखं झालंय. आता कासव इथेच चालवायचं.”

कासव म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. मिरजोळ्याला दाऊदभाईंचं पंपाच्या जळक्या मोटारी नव्या तारा गुंडाळून भरायचं वर्कशॉप आहे. त्यांच्याकडे तुम्ही दोन महिने खेटे घातलेत आणि जमिनीवर चालणारं यंत्र करून घेतलंत. दोन चाकं, दोन लहान मोटारी, मध्ये भोक, त्यात खडू उभा. चालेल तशी जमिनीवर रेघ उमटायची. लांब वायरीच्या टोकाला चार बटणांची डबी. वरचं कवच बघितलं आणि मी दारातूनच म्हटलं, “हे माझं पातेलं!” त्याचा पोचा मी कुठेही ओळखला असता.

“गळत होतं ना?” तुम्ही म्हणालात.

“तळाला डाग देऊन आणायचं होतं.”

“आता त्याला चाकं आली. डागापेक्षा बरं.”

दाऊदभाई स्कूटरवरून ते घेऊन आले होते. मोठ्यानं बोलणारा माणूस. “बाई, ह्या मोटारी भावानं मस्कतहून पाठवल्या. छोट्या पंपांना लावल्या असत्या तर आतापर्यंत पैसे वसूल.”

“मग पंपाला का नाही लावल्यात?”

“तुमच्यासमोर नाय म्हणायला तोंड उघडायला तरी मिळतं काय?”

शाळेनं सांगितलं होतं, खेळण्यांसाठी पैसे नाहीत. निम्मे तुम्ही पगारातून दिलेत, निम्मे महिन्या-महिन्यानं द्यायचं ठरलं. दाऊदभाईंनी कागद केला नाही. चहा मी कुंदाच्या हातून पाठवला. परक्या माणसासमोर जायला मला जमत नसे, आणि तुम्ही त्यावरून कधी चिडवलं नाहीत. तेवढं एकच तुम्ही सोडून दिलं होतंत.

पहिल्या दिवशी मुलांनी कासवाला पुढे जायला सांगितलं, थांबायला सांगायचं विसरली. ते गेलं तुळशीवर. पातेलं वाजलं, खडू मोडला, मी आतून “अगो बाई” केलं. एक मुलगा रडवेला झाला, आता मार बसणार असं त्याला वाटलं. तुम्ही त्याला विचारलंत, “कासव चुकलं की आपण?”

“आपण.”

“मग मारायचं कोणाला? परत सांग त्याला. ह्या वेळी थांब म्हणून सांग.”

बस, एवढंच. मी आमच्या मास्तरांची छडी आठवत उभी होते. चूक झाली की परत सांगायचं, हे मला इतकं सोपं कोणी सांगितलं नव्हतं. पण तेव्हा मी हे बोलले नाही. उलट रात्री जेवताना म्हटलं, तुळशीला धक्का लागला, मुलांना जपून खेळायला सांगा.

मुलं चौकोन काढायला शिकली. कागदावर हुकूम लिहायची, एक जण वाचायचा, एक जण बटण दाबायचा. कासव सरळ सांगितलं तरी जरासं खाली सरकायचं, माडांच्या बाजूला. मुलांनी त्यावर तोड काढली. जाताना थोडं डावीकडे, परत येताना थोडं उजवीकडे, असं कागदात घातलं आणि चौकोन जुळला. सगळ्यांनी उड्या मारल्या. दाऊदभाईंनी चाकं वाकडी बसवली असणार असं कुंदानं ठरवून टाकलं. तुम्हीही मान डोलावलीत.

मग जानेवारीत शाळा तपासायला साहेब येणार होते. शनिवारी दुपारी मुलांना खेळ-तास द्यायचा की नाही ते मुख्याध्यापक त्यानंतर ठरवणार होते. कासव शाळेत नेलंत. दाऊदभाईंनी डबीच्या जागी कॉम्प्युटरला जोडायची पेटी करून दिली होती. तुम्ही मलाही ओढून नेलंत. “पातेलं तुमचं आहे, तुम्ही यायलाच पाहिजे.” मी दाराशी उभी राहिले, पदर घट्ट धरून.

कुंदानं खळ्यातल्याच कागदावरचे हुकूम यंत्रात घातले. तीच पावलं, तीच वळणं. फरशीवर कासव निघालं आणि चौकोन काही होईना. रेघ वाकडी, मग आणखी वाकडी, आणि शेवटी ते टेबलाखाली शिरून साहेबांच्या बुटाला लागलं. साहेबांनी पाय उचलले. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, “कासवाला साहेबांच्या पाया पडायचंय!” वर्ग हसला. मुख्याध्यापकांचा चेहरा उतरला. मला वाटलं, झालं, संपलं सगळं. तुमच्याकडे बघवेना.

तुम्ही मात्र खाली बसून रेघेकडे बघत होतात. मग कुंदाला विचारलंत, “कासव चुकलं की आपण?”

कुंदानं रेघेवरून बोट फिरवलं. मग तिनं माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे म्हणजे माझ्या हातांकडे. “बाई,” ती म्हणाली, “काकींच्या खळ्याला उतार आहे.”

खरंच आहे. खळं करताना माडांच्या बाजूला थोडा उतार ठेवायचाच असतो, नाहीतर अवेळी पडलेलं पाणी दारात साचतं. मला माझ्या आईनं दाखवलं, तिला तिच्या सासूनं. इतकं नेहमीचं की कोणाला सांगावं असं मला कधी सुचलंच नाही. मुलांनी माझ्या उताराला हुकूम दिले होते आणि शाळेची फरशी सपाट.

कुंदानं यंत्रावर बसून ते डावीकडे-उजवीकडे काढून टाकलं. हात पाठीमागे नव्हते. कासव परत सोडलं. चौकोन झाला, रेघ रेघेला येऊन मिळाली. साहेब म्हणाले, “पहिला झाला नाही तेच बरं झालं. त्यातून शिकली.” शनिवारचा तास मिळाला. पैसे मात्र शाळेनं तेव्हाही दिले नाहीत.

घरी येताना पाखाडीच्या पायऱ्यांवर तुम्ही म्हणालात, “वहिनी, आज तुमच्या खळ्यानं माझ्यापेक्षा जास्त शिकवलं.” आणि मग, “तुमच्या अक्षरालाही तोच उतार आहे हो.” मी फणकारले. आता ही ओळ उतरताना बघते आणि पुसून परत लिहीत नाही.

त्यानंतरचं लिहायला नको वाटतं, पण ते वगळून पुढे जाता येत नाही.

शिमग्याआधी आपलं वाजलं. मी म्हटलं होतं, “मुलं खेळायला मिळतं म्हणून येतात. खेळ संपला की विसरतील. मला बघा, मास्तरांनी छड्या मारून पाढे शिकवले, अजून तिसापर्यंत येतात.”

तुम्ही वह्या तपासत होतात. मान वर न करता म्हणालात, “येतात. तरी वाण्याला हिशेब विचारायचा झाला की तुम्ही दादाला पुढे करता. पाढे राहिले वहिनी, आणि छडीही राहिली.”

ते मला लागलं. मी म्हटलं, “तुम्ही शिकलेल्या. आम्ही अडाणी.” आणि दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. ताट वाढायचे, पाणी ठेवायचे, शब्द नाही. तुम्ही ताटावर बसल्यावर दोनदा माझ्याकडे बघितलंत. मी आमटीकडे बघितलं. मग तुम्हाला ताप भरला. तापात मी तुमच्याशी बोलले, पण ते बोलणं पेज घ्या, कूस बदला, डॉक्टर येताहेत, एवढंच. भांडण तिथेच राहिलं, शिजायला ठेवून विसरलेल्या भांड्यासारखं. मी मनात उत्तर जुळवून ठेवलं होतं. तुम्ही बऱ्या झालात की सांगायचं म्हणून. काय जुळवलं होतं ते आता आठवतही नाही.

तेराव्यानंतर पाहुणे गेले. मी खळं सारवलं नाही. खडूचे चौकोन तसेच होते. एकदा कुंदा येऊन पायरीवर बसली. मी विचारलं, “काय गो?”

“काकी, कासव नेणार?”

“कोण नेणार?”

“दाऊदभाई. शाळेत माणूस पाठवला होता. पैसे राहिलेत ना.”

रात्री ह्यांना विचारलं. हे म्हणाले, “मलाही निरोप आलाय. रागानं नाही सांगितलेलं. पावसाच्या तोंडावर पंपांची कामं येतात, मोटारी सोडवून घेतो म्हणतात. औषधपाण्यात आपले हात रिकामे झाले. शालूच्या शाळेच्या फंडाचे पैसे सरकारातून कधी येतील देव जाणे. देऊन टाकू.”

“नाही द्यायचं,” मी म्हटलं.

हे जेवायचे थांबले. “मग पैसे?”

“मिरगापर्यंत थांबायला सांगा त्यांना.”

“आणि फेडणार कोण?”

“मी. कोकमाची सोलं करून विकीन.”

“तू विकणार?” ह्यांना हसू आलं, वाईट अर्थानं नाही. “कोळणीला मासे महाग आहेत म्हणायचं झालं तर तू मला हाक मारतेस.”

ते खरं होतं. पण निरोप पाठवायला लावला. मिरगापर्यंत पैसे पोचले तर कासव मुलांचं, नाहीतर दाऊदभाईंनी मोटारी काढून न्याव्यात.

माहेरून भावानं कोकमाचे रातांबे पाठवले. फोडले, बिया काढल्या, सालं रसात बुडवून उन्हात घातली, परत बुडवली, परत घातली. वाळवायला खळं लागलं. चौकोनांवर चटया पसरल्या. हात मनगटापर्यंत लाल झाले. सोलं चांगली उतरली. करणं मला येतच होतं. विकणं येत नव्हतं.

पहिल्या दिवशी पिशवी घेऊन पाखाडी उतरले आणि पहिल्या घराच्या दगडी गडग्यापासून परत आले. दुसऱ्यांदा गेले, परत आले. मग पाखाडीच्या चिऱ्यावर बसले. डोक्यात एकच घोळत होतं, सोलं विकायची आहेत, सोलं विकायची आहेत. आणि मग तुमचा तो हात आठवला, पातेल्याकडे जाणारा. भात उतरवा. तेवढ्यानं यंत्राला काही कळत नव्हतं. सोलं वीक, तेवढ्यानं मला तरी काय कळणार होतं?

म्हणून मी मला सांगितलं. गडग्यापर्यंत जा. बेड्याचा, म्हणजे फाटकाचा, आकडा काढ. आत जा. पायरीखाली थांब. ‘वहिनी आहेत का’ म्हण. आल्या तर पिशवी उघड. नको म्हणाल्या तर ‘बरं’ म्हण आणि मागे वळ. पुढच्या घराशी हेच परत. सांगणारीही मीच, सांगकामीही मीच. सांगकाम्यानं स्वतःचं डोकं चालवायचं नाही, म्हणजे भ्यायचंही नाही.

पहिल्या घरातली आजी ओरडली, “आकडा कोण लावणार गो? गुरं शिरतील!” ते माझ्या सांगण्यात नव्हतं. घातलं. एका घरी कुत्रा होता, तोही मी हिशेबात धरला नव्हता. पुढच्या घरापासून ‘आधी कुत्रा बघ’ असं सुरुवातीलाच घातलं. मुंबईहून मांडवीला सुट्टीत आलेल्या एका चाकरमानी बाईनं विचारलं, “कशी दिलीत?” आणि भाव मी ठरवलाच नव्हता. तिनं स्वतःच भाव सांगितला आणि मी त्या भावानं देऊन आले. घरी येऊन हिशेब केला तर मिठाचे पैसेही सुटले नव्हते. मला रडू यायला हवं होतं. त्याऐवजी मी मोठ्यानं विचारलं, “कासव चुकलं की आपण?” ह्यांनी आतून विचारलं, “काय म्हणालीस?” मी म्हटलं, काही नाही. दुसऱ्या दिवसापासून भाव आधी सांगायला लागले.

तुमच्या-माझ्या भांडणाचं उत्तर सापडलं म्हणायचं तर हेच. खेळातलं राहतं, विसरत नाही. हे तुमचं खरं. पण दारात उभी राहून पाव किलो, सव्वा किलो तोंडानं सांगताना पाढेच उपयोगी पडले, तेही मी सोडणार नाही. तुम्ही असतात तर यावर आणखी दोन दिवस वाजलं असतं. मला चाललं असतं.

दाऊदभाईंना पैसे होतील तसे पाठवत गेले. दोनदा ह्यांच्याबरोबर, एकदा कुंदाच्या बापाबरोबर. स्वतः गेले नाही. मिरजोळ्याला बसनं जायचं, पुरुषांनी भरलेल्या वर्कशॉपमध्ये शिरायचं, एवढा हुकूम मला अजून तुकडे करून देता आला नव्हता.

सुट्टीतही शाळेची ती खोली आठवड्यातून दोनदा उघडतात. समुद्राची हवा, बंद ठेवली तर यंत्राला गंज चढतो. एका सकाळी कुंदा मला घेऊन गेली. तुम्ही आणि तिनं मिळून एक बोटीचा खेळ करायला घेतला होतात, तो खडकांपाशी अर्धा राहिला होता. बोट बंदरात आणायची, खडक चुकवायचे. उरलेला तिनं केला. पडद्यावर बोट म्हणजे नुसत्या चार रेघा होत्या, पण तिच्या बापाची बोट मी ओळखली असती तशी ती मला ओळखू आली.

“काकी, तुम्ही चालवा. ही कळ डावीकडे, ही उजवीकडे.”

माझ्या तोंडावर आलं होतं, हात ओले आहेत. हात कोरडे होते. लाल होते, पण कोरडे. मी कळ दाबली. बोट खडकावर गेली आणि पडद्यावर काहीतरी अक्षरं आली. इंग्रजी अक्षरं, मला वाचता येईनात.

“काय लिहिलंय गो?”

“‘बुडालात. परत या.’ बाईंनी सांगितलं होतं असंच लिही म्हणून.”

शेजारची पोरं हसत होती. मीही हसले. परत गेले. तिसऱ्यांदा बोट बंदरात लागली. कपाटात वरच्या फळीवर माझं पातेलं होतं, चाकांवर उभं. त्याच्या पोच्यावर कोणीतरी खडूनं दोन डोळे काढलेत. तुम्ही बघितले नव्हतेत ते.

शेवटचे पैसे जमले तेव्हा मिरग दोन दिवसांवर होता. हे म्हणाले, संध्याकाळी मी देऊन येतो. मी म्हटलं, नको. सकाळी नेसले. घरापासून थांब्यापर्यंत जा. बसमध्ये चढ. मिरजोळे म्हण. उतर. विचार. पोच. वर्कशॉपमध्ये चार-पाच माणसं होती, मोटारीच्या तारा गुंडाळत बसलेली. सगळ्यांनी वर बघितलं. इथपर्यंत सांगून ठेवलं होतं, पुढचं सांगायचं राहिलं होतं. मी उभी राहिले.

दाऊदभाई पुढे आले. “कोण? अरे, बाईंच्या वहिनी तुम्ही! एकट्या आलात? बसा, बसा. अरे, स्टूल आण.”

मी बसले नाही. रुमालाची गाठ सोडून नोटा पुढे केल्या. ते म्हणाले, “असू दे, मोजायचे कशाला, घरचेच तुम्ही.” आणि खिशात घालायला लागले.

“नाही,” मी म्हटलं. आवाज मोठा आला, सगळ्यांना ऐकू गेला. “मोजून घ्या, भाऊ. माझ्यासमोर मोजा.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग टेबलावरचं तेल पुसलं, नोटा ठेवल्या आणि एकेक करून मोजल्या. मी मनात मोजत होते. आमचं दोघांचं एकदमच संपलं.

“पुरे आहेत वहिनी,” ते म्हणाले. “आता बाईंकडे माझं काही राहिलं नाय.”